कॅप्टन यूसुफचा शिक्का

"सुमन, तो स्टँप कापून टाक," कीथ, माझा बॉस, दारातूनच म्हणाला. आणि मी वेडी, कॅप्टन यूसुफला देण्यासाठी तोच स्टँप आणि घरचे पेढे घेऊन बसलेली!

स्टँप म्हणजे काय ते सांगते, मीही विचारून विचारूनच शिकले. लढाऊ विमान दुरुस्त झालं की जबाबदार माणसानं कागदावर स्वतःच्या नंबराचा शिक्का मारायचा. मगच ते उडणार. लंडनमधल्या हाउन्सलोजवळच्या आमच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये हे शिक्के द्यायचं काम माझ्याकडे.

इराकचं युद्ध नुकतंच सुरू झालं होतं, तेव्हाची गोष्ट. यूसुफ आखातातल्या एका तेलवाल्या देशाचा, चाळिशीचा. त्यांच्याकडे विमानं ढीगभर, पण शिक्के सगळे आमच्या इंग्रज इंजिनिअरांचे. सगळ्या परीक्षा पास झालेला त्यांचा हा पहिलाच माणूस. "मिस सुमन," तो म्हणायचा, "एक तरी विमान माझ्या शिक्क्यावर उडू दे." मी हौसेनं मंजुरीचं पत्र यायच्या आधीच स्टँप मागवून ठेवला.

पत्र आलं ते नकाराचं. त्याच्याच सरकारचं.

"अरे, पण पास झालाय ना तो?"

"झालाय. पण ते नुसती विमानं विकत घेत नाहीत गं, आपली माणसं तिथे ठेवून घेतात," कीथ म्हणाला. "उद्या हल्ला झाला तर आपली माणसं तिथे आहेत म्हणून आपल्या सरकारला धावावंच लागेल. त्यांचे लोक शिकले तर आपले कशाला राहतील? शिवाय स्वतःच्या ऑफिसरच्या हातात विमानं गेली, की बंडाच्या भीतीनं राजवाड्याला झोप लागत नाही."

यूसुफला मीच सांगितलं. तो चिडला नाही, तेच फार लागलं मला.

"कापायच्या आधी एकदा मारून बघू?" त्यानं विचारलं.

नियमात बसत नव्हतं. मी शाईचं पॅड पुढे केलं. त्यानं पेढ्यांच्या डब्याच्या झाकणावर शिक्का मारला, नीट, सरळ. मग मी कात्रीनं रबराचे दोन तुकडे केले.

पुढे त्याचं कार्ड आलं. त्याला गणवेशांच्या गोदामावर बसवलं होतं.

तेव्हापासून पत्र हातात पडेपर्यंत मी कुणाचाच स्टँप मागवला नाही. तसं त्या देशातून पुन्हा कुणी शिकायला आलंही नाही.