कोकम न्यायला येणारे विद्यार्थी

परभणीत माझ्याकडे इंग्रजी शिकायला येणारा माणूस जाताना हातात कोकम आगळाची बाटली घेऊन जातो. मी ती कुणाच्या गळ्यात मारत नाही. पहिल्या वर्षी माहेरून चार बाटल्या आल्या होत्या. त्यातली एक बँकेतल्या एका बाईंनी मागून नेली आणि जिन्यात शेजारणीने हटकलं तेव्हा तिला सांगितलं, कोकम न्यायला आले होते. सबब चांगली निघाली. मग एकमेकांना न सांगता सगळ्यांनीच ती उचलली. आता गल्लीत समज असा आहे की मी कोकणातली कोकमवाली आहे आणि या भागातल्या शिकल्यासवरल्या लोकांना पित्ताचा फार त्रास आहे.

दारूच्या दुकानातून बाहेर पडतानाही लोक इतकी लाज बाळगत नाहीत. कारण यातल्या बहुतेकांनी आपल्याला इंग्रजी येतं असं आधीच जाहीर करून ठेवलेलं असतं. लग्नाच्या बायोडेटात, नोकरीच्या अर्जात, घरात सुनेसमोर. आता गुपचूप ते खरं करून घ्यायचं असतं, तेही दीड महिन्यात. एकेकाला वेगळं शिकवणं ही माझी काही थोर पद्धत नाही. दोघांना एकत्र बसवलं की दोघंही परत येत नाहीत, एवढंच. ज्यांना जिना चढायचीही लाज वाटते ते ऑनलाइन शिकतात, कॅमेरा बंद ठेवून. काळ्या चौकोनाकडे बघत मी तासभर बोलते. मागे कुकरच्या शिट्ट्या होतात, कुणीतरी "कोनाशी बोलायलीस गं" म्हणून ओरडतं, आणि माझी विद्यार्थिनी फोन कापते. मग मेसेज येतो, नेट गेलं होतं.

मी स्वतः सातवी शिकले आहे. दोडामार्गाकडच्या आमच्या गावात शाळा तेवढीच होती आणि घरात आम्ही चौघी बहिणी. मला गोव्यात एका म्हाताऱ्या बाईंच्या सोबतीला ठेवलं. त्यांना सगळे आंटी म्हणत. त्यांचा जन्म आफ्रिकेत गेलेला, कोकणी विसरलेली, मराठी कधी आलीच नव्हती. मीठ हवं असलं तर इंग्रजीत, पूर्ण वाक्यात मागायचं, नाहीतर आंटीला ऐकू यायचं नाही. पुढे तिचे डोळे अधू झाले तेव्हा पेपर मी मोठ्याने वाचायचा. चुकलं की ती काठी फरशीवर आपटायची. काय चुकलं ते सांगायची नाही, तीच ओळ परत. अशी आठ वर्षं. आपण या पोरीला शिकवतोय असं तिच्या मनातही आलं नसेल. आज सकाळी दिवा लावताना मला देवाच्या आधी तिची आठवण येते.

लग्नानंतर नवऱ्याला इथे बियाण्यांच्या गोदामात काम मिळालं आणि आम्ही समुद्रापासून इतक्या लांब आलो की पहिले सहा महिने मला वारा कुठून येतो तेच कळत नव्हतं. आंटीच्या मुलीशी फोनवर बोलताना मला घरमालकाच्या लेकीने ऐकलं आणि हे सगळं सुरू झालं. कुणी विचारलं, तुमचं शिक्षण कुठं झालं, तर मी म्हणते, गोव्यात. यात खोटं काही नाही. पुढचं कुणी विचारत नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे कॉन्व्हेंट, प्रार्थनेची घंटा आणि पांढऱ्या झग्यातल्या सिस्टर उभ्या राहिलेल्या असतात. मी मात्र पदराला हात पुसत असते.

माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांत मोठा माणूस म्हणजे पाथरीच्या रस्त्यावरच्या एका इंग्रजी शाळेचे मुख्याध्यापक. शाळा त्यांच्या थोरल्या भावाची. पहिल्यांदा आले ते भाचीसाठी चौकशी करायला. ती भाची अजून यायची आहे. मंगळवारी ते माझ्या घरी येत, गुरुवारी ऑनलाइन असत. ऑनलाइन म्हणजे शाळेतून नव्हे, तिथे शिपायाने ऐकलं असतं. कापसाच्या एका बंद जिनिंग गिरणीच्या भिंतीमागे गाडी लावून, काचा वर करून, एसीच्या घरघरीत बसून शिकत. शाळेच्या दारावर 'आवारात इंग्रजीतच बोला' अशी पाटी आहे. हे त्यांनीच मला सांगितलं, आणि सांगताना त्यांना काहीच वाटलं नाही.

त्यांना बोलायला शिकायचं नव्हतं. "मॅडम, तुमी फकस्त लिहून द्या. पाठ करायचं माझ्यावर सोडा," म्हणायचे. मी लिहून द्यायची. तक्रार घेऊन आलेल्या पालकासाठी एक उतारा, पाहुण्यांच्या स्वागताचा एक, शिस्तीवरचा एक. वहीत त्यांनी उताऱ्यांना नंबर घातले होते. प्रश्न कुठला आला याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं, नंबर आठवला की झालं. एकदा एक पालक शाळेची बस वेळेवर येत नाही म्हणून भांडायला आला, तर यांनी त्याला स्नेहसंमेलनाचं स्वागत पूर्ण म्हणून दाखवलं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, गप झाला की. थँक्यू म्हणला अन् गेला."

पालकालाही इंग्रजी येत नव्हतं, हे उघड होतं. दोघांचंही समाधान झालं. बस अजून उशिरा येते.

या माणसाने एप्रिलमध्ये मला नोकरी देऊ केली. "जूनपासून आमच्याकडं या. पाचवी ते आठवी, बोलायचं इंग्रजी. तुमच्यासारखी मॅडम परभणी जिल्ह्यात न्हाई."

ती नोकरी मला किती हवी होती हे लिहायलाही अवघड जातं. ज्या माणसाला मी मनातल्या मनात रोज हसत होते त्याच्या शाळेतल्या खुर्चीसाठी माझा जीव वरखाली होऊ लागला. मस्टरवर सही. स्टाफरूममध्ये माझा डबा. शाळा सोडताना मी वर्गाच्या ज्या दारातून बाहेर पडले होते, त्या दारातून पुन्हा आत जाणं, तेही फळ्याच्या बाजूने. मी त्यांचे इतक्यांदा आभार मानले की शेवटी तेच म्हणाले, "बस की मॅडम." उठता उठता त्यांनी सांगितलं, "कागदं तेवढी द्या. दहावी, बारावी, ग्रॅज्युएशन. दोन-दोन झेरॉक्स."

पुढचा आठवडा मी कागद सापडत नाहीत, गावी राहिलेत, असं सांगत काढला. नवऱ्याने दोन दिवस बघितलं आणि जेवता जेवता म्हणाला, "सांगान टाक एकदाचा. काय होतला? नाय म्हणतलो."

तो माणूस फक्त नाही म्हणेल. नवऱ्याला ते सोपं वाटत होतं. मला वाटत होतं, तो हे गावभर करेल आणि माझा जिना परत कुणी चढणार नाही.

मंगळवारी ते आले, वही उघडली, आणि मी सांगून टाकलं. सातवी. नंतर आंटी. आंटीच्या घरी मी काय काम करत होते तेही सांगितलं, कारण अर्धंच सांगितलं तर उरलेलं रात्रंदिवस पोखरत राहिलं असतं.

ते हसले. मग हसू थांबलं. "सातवी म्हंजे... आमच्या शाळंतली आया दहावी पास हाय."

"हो."

"अन् मी वर्षभर तुमच्याकडून..." त्यांनी वही मिटली. दाराकडे बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे कुनाला बोललात का? मी तुमच्याकडं येतो हे?"

"नाही."

"बोलू नका बरं. इज्जतीचा सवाल हाय."

आठवडाभर मी ज्या भीतीने जेवले नव्हते, ती मीच त्यांच्या पोटात घातली होती. माझ्या सातवीची मला वाटत होती त्याहून जास्त लाज त्यांना वाटत होती. एखाद्या धीट बाईला तिथल्या तिथे हसू आलं असतं. मी चहा ठेवला.

चहा संपेपर्यंत त्यांनी मार्गही काढला. भावजय बी.एड. होती, घरीच असायची. कागदोपत्री शिक्षिका ती. सही तिची, फोटो तिचा, तपासणी आली की वर्गात उभी तीच. रोज शिकवायचं मी. "मदतनीस म्हणून या तुमी, ताई. पोरांना काय कळतंय?"

चहाच्या आधी मी मॅडम होते. ताई झाल्याचं त्यांच्याही लक्षात आलं नसावं. आणि मी काय केलं, तर म्हटलं, विचार करून सांगते, आणि वर थँक्यू म्हटलं. हा शब्द माझ्या तोंडातून सवयीने पडतो. दुसऱ्यांच्या घरात वाढलं की तसं होतं. ते गेल्यावर मी कपबशी इतकी जोरात घासली की बशीचा टवका उडाला.

गुरुवारी पाच वाजता स्क्रीनवर काळा चौकोन आला, एसीची घरघर आली. "मग काय ठरलं, ताई?"

"इंग्रजीत बोलू," मी म्हटलं. "तासच आहे. तुमचं म्हणणं इंग्रजीत सांगा."

"ते पाठ न्हाई माझं."

"म्हणूनच सांगा."

मग त्यांनी सुरुवात केली. शिक्षणाचं पवित्र कार्य, शाळेचं कुटुंब, सहकार्य. हा शिस्तीचा उतारा होता, मीच लिहिलेला. मी थांबवलं. त्यांनी परत सुरू केलं, मी परत थांबवलं. माझ्याकडे काठी नव्हती, मी पेनाने टेबलावर ठोकत होते. कोण शिकवणार? सही कुणाची? लोकांना काय माहीत असणार? मराठीत त्यांच्याकडे 'अडजस्टमेंट' होती, 'घरचंच समजा' होतं, 'चालतं की हो' होतं. इंग्रजीत त्यांच्याकडे यातलं काही नव्हतं. शंभर-दीडशे शब्द होते, तेवढ्यात जे मावेल तेच सांगता येत होतं.

शेवटी ते म्हणाले, "यू विल टीच. माय सिस्टर-इन-लॉ विल साइन. पीपल विल नॉट नो."

बहुधा त्यांनाही ते पहिल्यांदाच ऐकू आलं.

"नो," मी म्हटलं. पुढे थँक्यू आलं होतं, ते गिळलं.

मला वाटलं आता फोन कापतील. नेट गेलं म्हणतील. पण चौकोन तसाच राहिला. मग खोल गेलेल्या आवाजात त्यांनी विचारलं, "ते असू द्या. वाक्यं बरोबर होती का पण?"

होती. तिन्ही बरोबर होती. वर्षभरात या माणसाने स्वतःच्या डोक्यातून काढलेली ती पहिली तीन वाक्यं, आणि मला त्यांचा इतका राग असतानाही आतून कुठेतरी बरं वाटलं, याचाच मला जास्त राग आला.

"बरोबर होती," मी सांगितलं. "आता पुढचं बोला."