तिसरा आवाज

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. आत्या होती तोवर धीर झाला नाही. ती गेल्यावर तरी कुठं झाला?

तंजावूरला तेव्हा गल्लोगल्ली एसटीडीचे बूथ उघडत होते. फोनवर धमकावणारा माणूस नुसत्या आवाजावरून ओळखता येतो का, कोर्टानं अशा ओळखीवर किती विसंबावं — हा माझ्या पीएचडीचा विषय. आमच्या मराठी घरांतल्या पाच तरुणांना मी बूथवरून एकच वाक्य बोलायला लावलं आणि पलीकडे टेप केलं: "मी पोचलों, काळजी करूं नको." मग ते त्यांच्या आयांना ऐकवायचं. यातला तुमचा कुठला?

टेपवर आत्याचा रघू पाचवा. टेप करून आठच दिवसांत तो नोकरीसाठी मस्कतला गेला. आत्यानं डोळे मिटून ऐकलं. तिसऱ्या आवाजाला तिचा चेहरा उजळला.

"हाच गे माझा रघू! बरोबर कीं नाही?"

मी म्हटलं, बरोबर.

दया आली म्हणून? आलीही असेल. पण प्रबंधात मी तिचं उत्तर चूक म्हणूनच लिहिलं. आईसुद्धा चुकते — परीक्षकांना तेच फार आवडलं.

तिनं ती कॅसेट मागितली. तिसरा आवाज तेवढा मीच उतरवून दिला. रोज दुपारी कॉफी पिताना ती तो लावायची. शेजारी रघूचा फोन आला, की दोन शब्द बोलून रिसीव्हर माझ्या हातात द्यायची. म्हणायची, "तिकडलं पाणी बाधलंय त्याला. क्यासेटीतला कसा गोड बोलतो!" तेव्हा तरी सांगायचं ना? किती सोपं होतं — पण मी नुसता रिसीव्हर कानाला लावायचे.

पाच वर्षांनी तो आला. आत्यानं दारातच त्याचं तोंड कुरवाळलं, पोटभर रडली. मग म्हणाली, "आवाज तेवढा तिकडेच ठेवून आलास रे." तो हसला, घसा खाकरला. मीही हसले. पुढे तिच्यासमोर तो जरा कमीच बोलायचा.

ती गेल्यावर तिच्या उशाशी ती कॅसेट सापडली. रघूनं लावली. संपल्यावर मागे फिरवून पुन्हा लावली.

"अक्का, मी असा बोलत होतो?"

मी म्हटलं, हो.