जाऊबाईंच्या वाट्याची प्रार्थना

आमच्या चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर रोज सकाळी मी चार ओळींचं मनन टाकते. घरातलं, रस्त्यावरचं काहीतरी दिसतं आणि त्यावरून मी देवाचा धडा काढते. दूध उतू गेलं तरी मला त्यात धडा सापडतो. खाली सगळे 'आमेन' लिहितात आणि मला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू?

त्या शुक्रवारी मी मार्था आणि मरीया या बहिणींवर लिहिलं. प्रभू घरी आला तेव्हा मरीया त्याच्या पायाशी ऐकत बसली आणि मार्था कामात राबत राहिली; प्रभूने मरीयेलाच शाबासकी दिली. बायांनो, कामं बाजूला ठेवा, असं मी झोकात लिहिलं. लिहिताना चहा मात्र सुनेने हातात आणून दिला होता.

त्याच संध्याकाळी थोरल्या जाऊबाईंच्या घरी प्रार्थनासभा होती. सोमवारी त्यांच्या छातीतल्या गाठीचं ऑपरेशन होतं, त्यासाठीच ठेवलेली. आमच्यात आजाऱ्याला मधोमध खुर्चीवर बसवतात आणि सगळे त्याच्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. आणि प्रार्थना संपली की गरम वडे लागतात. प्रार्थनेला आलेली माणसं असली तरी गार वड्याला कोणी हात लावत नाही.

पाळकसाहेब त्र्यंबक रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकून उशिरा आले. तरी त्यांनी माझंच मनन उचललं आणि अर्धा तास मार्थाला झोडपलं. मी मान खाली घालून मनातल्या मनात खूश. मग खुर्ची मध्ये आली आणि कोणीतरी जाऊबाईंना हाक मारली. आतून उत्तर आलं, "तेल तापलंय, पहिला घाणा सोडलाय."

"हरकत नाही," पाळकसाहेब म्हणाले, "त्यांच्या वतीने मिस्टर बसतील."

आणि भाऊजी बसले की खुशाल. धडधाकट माणूस, रोज सकाळी गोदाकाठी फिरून येणारा. तीसेक जणांनी त्यांच्यावर हात ठेवले. त्यात एक हात माझाही होता.

"प्रभू, या देहाला स्पर्श कर," पाळकसाहेब कळवळून म्हणत होते आणि मला आतून कढईवर झारा आपटल्याचा आवाज येत होता. माझं डोकंच फिरलं. कुठल्या देहाला? ती बाई दहा पावलांवर उभी आहे आणि आपण तिच्या नवऱ्याला धरून काय मागतोय? पाळकांचा राग आला, भाऊजींचा आला, आणि सगळ्यात जास्त माझ्या त्या चार ओळींचा आला. मी हात काढला आणि सरळ आत गेले.

जाऊबाईंनी मागे न बघताच विचारलं, "झालं का गं माझं?"

"नाही अजून," मी म्हटलं.

"आटपा म्हणावं, वडे गार होतील." मग झारा तसाच धरून त्या थांबल्या. "सकाळी वाचलं तुझं, बटाटे सोलता सोलता. बसावंसं मलाही वाटतं गं. लय भीती वाटतेय."

मी गॅस बंद केला. बाहेर 'आमेन' झालं, खुर्च्या सरकल्या आणि पाळकसाहेबांनी आवाज दिला, "येऊ द्या वडे."

"वडे नाही येणार," मी स्वयंपाकघराच्या दारातून सांगितलं. "आधी तुम्ही सगळे आत या. आजारी बाई इथे आहे."