पहिला खड्डा

कुराता-सानांना मी खरं तर फारसा ओळखत नव्हतो. क्योतोतल्या माझ्या रश्शातल्या शेवयांच्या दुकानात ते दुपारी जेवत आणि एरवी व्हिडिओ गेम बनवत, एवढंच ठाऊक.

एकदा त्यांनी नवा खेळ माझ्या हाती दिला. पहिल्याच खड्ड्यात मी सात वेळा पडलो.

"माफ करा, मी मठ्ठच."

"मठ्ठ माझा खड्डा आहे, मालक! परवा खेळ प्रती काढायला कारखान्यात जाणार. तुम्ही पडलात म्हणजे निम्मा जपान पडणार."

शेवया तशाच टाकून ते पळाले. दुसऱ्या दिवशी खड्डा अरुंद झाला होता. मी पार गेलो, तेव्हा गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या.

तो खेळ घरोघरी गेला. पुढेही प्रत्येक नव्या खेळात आधी मीच पडायचो, आणि त्यांच्या शेवया गार व्हायच्या.

त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी ते रिकाम्या हातांनी आले.

"आज खड्डा नाही?"

"नाही. आज गरम खाणार."

"मग कांदा जास्त घालतो."