चूल आमची, चेहरा दुसरीचा

ईशाननं आईच्या हातातली भाकरीची परडी काढून घेतली आणि दुसऱ्या बाईच्या हातात दिली.

"मावशी, तुम्ही जरा बाजूला उभ्या राहा ना. फोटोत येताय," ईशान म्हणाला. आवाज गोड. आई लगेच मागं सरली. सरता सरता तिनं पदराला हात पुसले. जणू हातच चुकले होते.

लोणावळ्यात तुंगार्लीतला बंगला. पुढं हिरवळ, हिरवळीवर लाकडी टेबल. टेबलावर आईनं केलेलं माशाचं कालवण, तांदळाच्या भाकरी, इंद्रायणीचा भात. सगळं पहाटे उठून केलेलं. डबे मांडीवर घेऊन आम्ही दोघी जीपनं कामशेतला आलो होतो, तिथून लोकलनं लोणावळ्याला. फोटोसाठी उभी होती ती बाई पुण्याहून आणलेली. नाटकात काम करणारी. नऊवारी, नाकात नथ, कपाळावर चंद्रकोर. तिचा काही दोष नव्हता. तीही मजुरीलाच आली होती.

फोटो निघत राहिले. आई पायरीपाशी उभी. तिला कुणी बस म्हणालं नाही.

हा फोटो कशाचा, ते सांगते. मी इंजिनिअरिंगला आहे. आमच्या कॉलेजात मुलांचा एक फंड आहे. माजी विद्यार्थ्यांनी पैसे घातलेत, पण चालवायचा मुलांनीच. ज्याला शिकता शिकता धंदा उभा करायचाय त्यानं कमिटीपुढं यायचं. कमिटीत मुलंच. तीच ऐकणार, तीच प्रश्न विचारणार, तीच भांडवल देणार. प्राध्यापक नुसते सही करतात. ईशान या कमिटीचा प्रमुख. बंगला त्याच्या घरचा; शेवटच्या फेरीत दाखवायचे माझ्या धंद्याचे फोटो तिथं काढायचं त्यानंच ठरवलं होतं.

आणि माझा धंदा म्हणजे आमच्या वस्तीतल्या बायका. आम्ही पवनानगरजवळचे. धरणाच्या काठानं तंबूंचे कॅम्प झालेत. शनिवार-रविवार मुंबई-पुण्याच्या गाड्या येतात. पाहुणे शेकोटीपुढं बसून जेवतात आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आमच्या बाया भाकरी थापतात. कॅम्पवाला देईल ते घ्यायचं. मी म्हटलं, बायांचं स्वतःचं एक स्वयंपाकघर काढू. मालकी त्यांची. सगळ्या कॅम्पांना इथूनच जेवण जाईल, जीप लावू, भाव आपण ठरवू.

कमिटीला हे आवडलं होतं. मी निवडीत शेवटपर्यंत पोचले. आईला सांगितलं तेव्हा ती हसली होती. "म्हंजी मी मालकीन?" असं म्हणून परत एकटीच हसली. तसं हसताना मी तिला फार वेळा पाहिलेलं नाही.

कमिटीत सागरही होता. सागर माझ्याच गावचा. शाळा एक, शाळेला जायची जीप एक. त्याच्या वडिलांची धरणाकाठी जमीन, जमिनीवर कॅम्प. आई तिथंच भाकरीला जायची. गावात तो आमी-तुमी बोलायचा. कमिटीत बसला की पुण्याचा व्हायचा.

फोटो संपल्यावर मी ईशानला विचारलं, "आईला का काढलं?"

"अगं, लूकचा प्रश्न आहे."

त्यानं सागरकडं पाहिलं. सागर मोबाइलमध्ये बघत होता. मग ईशान म्हणाला, "आत ये, बोलू."

आत सोफ्यावर कमिटी बसलेली. दार लोटून घेतलं. आई बाहेर.

"हे बघ, मी स्वतः असलं काही मानत नाही," ईशान म्हणाला. "पण पाहुणे विचारतात. फॅमिली ग्रुप असतात. स्वयंपाक कोण करतं, विचारतात. आपण म्हणायचं, मावळातल्या शेतकरी घरचं जेवण. यात खोटं काय आहे? तुमची थोडी शेती आहेच ना?"

मी लोटलेल्या दाराकडं पाहिलं.

"आणि तुझं आडनाव पुढं नको. सागरचं टाकू. तो पार्टनर म्हणून येईल. काम सगळं तुझंच."

असलं काही. त्या 'असलं'चं नाव तिथं कुणीच घेतलं नाही. एवढी हुशार मुलं, पण तेवढा एक शब्द कुणाच्या तोंडून निघाला नाही.

सागर माझ्याजवळ सरकला. बऱ्याच दिवसांनी गावचं बोलला. "आगं, लय ताणू नको. काम तुमालाच मिळनारे. नाव कुनाचं का आसंना."

उद्या सांगते, म्हटलं आणि बाहेर आले. आईनं रिकामे डबे पिशवीत भरले होते. "झालं का गं?" तिनं विचारलं. मी व्हय म्हटलं.

घरी आल्यावर तिला सगळं सांगितलं. वाटलं, ती चिडेल. मला ती चिडायला हवी होती. ती तांदूळ निवडत होती, तशीच निवडत राहिली.

"माला ठावं हाय," ती म्हणाली.

"काय ठावं हाय?"

"सागरच्या बापानं पयल्याच दिशी सांगितलं व्हतं. पाव्हण्यांनी इचारलं तर आमच्या भावकीतली हाय म्हन. आडनाव आमचं सांग."

"मग तू?"

"सांगत आले की."

"कधीपासनं?"

"तू शाळंत व्हतीस तवापासनं."

माझ्या वह्या, माझा गणवेश, माझं जीपचं भाडं, सगळं त्या कॅम्पावरच्या भाकरीतून आलेलं. आणि माझी आई तिथं दर शनिवारी दुसरीच कुणीतरी होत होती. घरी येऊन परत माझी आई होत होती. मला पत्ता नव्हता.

मग तिनं एक गोष्ट सांगितली. एका वर्षी एक म्हातारी बाई आली होती, लेकासुनांबरोबर. जेवण झाल्यावर शेडमध्ये आली. आईचे हात हातात घेतले. म्हणाली, माझ्या आईच्या हातची चव आहे. नाव विचारलं. आईनं शिकवलेलं नाव सांगितलं. बाईला आनंद झाला. म्हणाली, आपल्यातलीच की तू. कुलदैवत कुठलं तुमचं? आम्ही बौद्ध. आई काय सांगणार? कुठं तरी ऐकलेलं एक नाव सांगून टाकलं. बाईनं तिला जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला, जाताना नवी साडी दिली.

"लय जीव लावला गं त्या बाईनं," आई म्हणाली. "पर तो माला न्हवता लावला. मी जी सांगितली व्हती ना, तिला लावला."

"साडी कुटंय?"

"न्हाई नेसले कदी. देऊन टाकली."

माझ्या आत काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. रडू आलं नाही. एक मात्र कळलं. बंगल्यात जे झालं ते नवीन नव्हतं. आईला फोटोतून काढायला ती मुलं फार उशिरा आली होती. तिला आधीच काढलेलं होतं.

मी विचारलं, "उद्या काय सांगू?"

"घे की. धंदा व्हईल. नावाचं काय घिऊन बसलीस?" मग तिनं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "पर माला परत फोटूला नेऊ नको."

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या हॉलमध्ये शेवटची फेरी. मुलं खच्चून भरलेली. पहिल्या रांगेत कमिटी, बाजूला दोन प्राध्यापक. सागर माझा पार्टनर म्हणून वर येणार, असं ईशाननं परस्पर ठरवलं होतं. सागर उठायला लागला. मी त्याला हातानंच थांबवलं.

माइकवर मी आईचं नाव सांगितलं. तिचं, माझ्या वडिलांचं, मग आडनाव. सावकाश. म्हटलं, हे जेवण ती करते आणि आमच्या वस्तीतल्या बाया करतात. आम्ही बौद्ध आहोत. हे लपवायचं असेल तर मला तुमचे पैसे नकोत.

ईशान उभा राहिला.

"तू आम्हाला जातीयवादी म्हणतेयस. आम्ही तुला इथपर्यंत आणलं."

"मी तुम्हाला काहीच म्हटलं नाही," मी म्हणाले. "काल बंगल्यात जे म्हणालात ते इथं म्हणा."

तो खाली बसला. प्राध्यापकांनी घड्याळ पाहिलं. पुढच्या मुलाला बोलावलं.

कमिटीचा दोन ओळींचा मेल आला. व्यवसायाची तयारी अपुरी. थोड्या दिवसांनी फंड सागरला मिळाला. शेतकरी घरचं जेवण. धरणाच्या रस्त्याला त्याचा बोर्ड लागला, त्यावर नथवाली बाई हसतेय. आईला कॅम्पवरून निरोप आला, येऊ नको. वस्तीतल्या बाकीच्या बाया जातात. जाणारच. शेजारची मंदामावशी मला म्हणाली, "तुज्या तोंडापायी आमचं बी काम गेलं आस्तं." ती खरं बोलत होती. ती आता माझ्याशी फारशी बोलत नाही. मी तिच्यावर रागावू कशी?

आई लोणावळ्यात एका हॉटेलात खोल्या झाडायला जाते. पहिल्या दिवशी परत आली तेव्हा मी विचारलं, नाव इचारलं का?

"इचारलं. खरं सांगितलं."

"मग मालक काय म्हनला?"

"काय न्हाई. बाथरूमं दावली."

तिच्या हातची भाकरी आता आम्ही दोघीच खातो. संध्याकाळी ती दारात बसते, काही न करता. मला दोष देत नाही. दिला असता तर बरं झालं असतं असं कधी कधी वाटतं. मी जिंकले नाही. तिचं काम गेलं, मालकीण व्हायचं राहिलं ते राहिलंच. हे मी गोड करून सांगणार नाही.

कमिटीनं परत अर्ज मागवलेत. मैत्रिणी म्हणतात, दुसरीकडं बघ, सरकारी योजना आहेत. बघेन. पण इथंही जाणार. तो फंड कॉलेजातल्या मुलांचा आहे आणि मी कॉलेजातली मुलगी आहे. हेच स्वयंपाकघर, ह्याच बाया, हेच आडनाव घेऊन मी परत त्यांच्यापुढं उभी राहणार. परत नाही म्हणाले तर त्याच्या पुढच्या वेळी परत. दार लोटून कुणाशी बोलणार नाही. सोफ्यावर बसणार नाही. मेल वाचून गप्प बसणार नाही. नकार द्यायचा असेल तर सगळ्यांदेखत द्या, आणि खरं कारण स्वतःच्या तोंडानं सांगा. ते ऐकेपर्यंत मी हॉलमधून हलणार नाही.