पाणी ठेवलं का?

निसर्गोपचार केंद्रातून मला हिरवा कोट मिळाला. खिशावर पांढऱ्या दोऱ्याने 'थेरपिस्ट' असं शिवलेलं आहे. मी तो घरी आणला तेव्हा नवऱ्याने अक्षरांवरून बोट फिरवून पाहिलं.

"थेरपिस्ट म्हणजे काय वो?"

"मालिशवाली."

"मंग मालिशवाली काऊन नाई लिहिलं?"

"मले काय माहीत?"

"कोट घातला का मालिशवाली राहत नसंल," तो म्हणाला आणि हसला. मीही हसले. पण कोट खुंटीला लावल्यावर मी त्याच्याकडे बघत बसले. हा माझ्यापर्यंत कसा आला ते मला नीट सांगता येईना. मी तर काहीच ठरवलं नव्हतं. मुलीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी आहेत, त्यात लिहून बघते.

शाळा चौथीपर्यंत झाली. गावात तेवढीच होती. पाचवीला नाला ओलांडून दुसऱ्या गावी जावं लागे. भाऊ गेला, मी आईबरोबर कापूस वेचायला गेले. मग लग्न होऊन सिंदीला आले. नवरा जिनिंगमध्ये गाठी उचलायचा, मी तिथेच कापसातला पालाकचरा निवडायला लागले. दोन हंगामांत खोकला असा धरला की सासूबाई म्हणाल्या, पुरे आता. मग शाळेत खिचडी शिजवली. ते काम पुढे एका बचतगटाकडे गेलं. मग जाम गावाच्या फाट्यावर एका ढाब्यात पोळ्या लाटल्या. तिथे मला बरं वाटायचं, कारण भट्टीच्या मागे बसायचं होतं, गिऱ्हाइकासमोर जायचं नव्हतं. रस्ता रुंद झाला आणि ढाबा गेला.

ही कामं लिहिताना वाटतं, एकातून दुसरं निघायला हवं होतं. तसं काही दिसत नाही. कापूस, खिचडी, पोळ्या आणि मग माणसाचं अंग.

अंगाचं काम सासूबाईंमुळे आलं. आमच्या मोहल्ल्यात बाळंतिणीची आणि लेकराची मालिश त्याच करायच्या. नणंद बाळंत झाली तेव्हाच सासूबाईंचं मनगट सुजलं. त्या बाजेवर बसल्या आणि मला खाली बसवलं. "पाय लांब कर. लेकरू पायावर घे. भेऊ नको, थे तुले काही विचारत नाई."

खरंच लेकरू काही विचारत नाही. माझे हात लगेच चालले. पोळ्यांनी ते तयार झाले असतील, माहीत नाही.

सासूबाईंचा एकच नियम होता. आधी पाणी, मग तेल. आंघोळीचं पाणी तापल्याशिवाय लेकराचं झबलं काढायचं नाही. तेल लावलं की लगेच आंघोळ, नाही तर त्याला गारवा लागतो. म्हणून कोणत्याही घरी गेले की दारातच मी विचारायची, पाणी ठेवलं का? मला दुसरं काही बोलायला सुचायचंही नाही. मोहल्ल्यातल्या बाया मला त्यावरून चिडवायच्या. "आली वो, पाणी ठेवलं का बाई आली!"

अशीच एका कापसाच्या व्यापाऱ्याच्या घरी गेले. त्यांच्या नातवाची मालिश सव्वा महिना केली. त्या घरात एक आजी होत्या, व्यापाऱ्याची आई. दोन वर्षांपूर्वी त्यांना लकवा झाला आणि उजवी बाजू गेली. पाय पुढे थोडा सुधारला, हात नाही. तेव्हा आजींच्या सूनबाईंनी मला पुन्हा बोलावलं. त्यांना मी भाभी म्हणते. तेव्हापासून रोज सकाळी सातला मी आजींकडे जात होते.

आम्ही बौद्ध आहोत. त्या घरी हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मोहल्ला सांगितला की वेगळं सांगावं लागत नाही.

आजींची मालिश तासभर चालायची. खांदा, दंड, मनगट, मग एकेक बोट. त्यांना एकच गोष्ट हवी होती, उजव्या हाताने पोळीचा तुकडा तोडता यावा. डाव्या हाताने जेवायची त्यांना फार लाज वाटे. "लोकायसमोर बसताच येत नाई," म्हणायच्या. त्या बोलक्या होत्या. मला म्हणायच्या, "तुही जीभ काय माह्या हातासारखी हाय का? तिले बी मालिश कर ना."

मालिश झाली की भाभी त्यांना खुर्चीवरून थेट न्हाणीघरात न्यायच्या. दार लागायचं. मी बाहेर तेलाची वाटी पुसत असायची आणि आतून आजींचा आवाज यायचा, "पुन्हा लाव साबण. अजून लाव."

पहिले काही दिवस मी हे ऐकलंच नाही. मग एकदा ऐकलं, आणि नंतर रोज ऐकू यायला लागलं. ही आंघोळ तेलाची आहे की माझी?

कसं कळणार? तेल लावल्यावर सगळेच आंघोळ करतात. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. पण माझा चहाचा कपही वेगळा होता, स्टीलचा, काठाला पोचा पडलेला. पिऊन झाल्यावर तो धुऊन मी खिडकीत पालथा ठेवायची. आणि त्याच आजी मला भाजीच्या वड्या बांधून द्यायच्या. माझ्या मुलीचा पेपर कसा गेला ते विचारायच्या. माझा हात धरून उठायच्या. एक गोष्ट धरली की दुसरी सुटायची. घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "सोडून दे थे घर." सासूबाई म्हणाल्या, "तेलानं थबथबलेलं अंग कोण ठेवील वो?" दोघंही मला खरे वाटले.

दिवाळीनंतर निसर्गोपचार केंद्राचं निघालं. वर्ध्याच्या बाजूला आहे, गाडीने जावं लागतं. भाभींच्या ओळखीच्या एक बाई तिथे पाठीसाठी जायच्या. त्यांनी माझे हात पाहिले होते, त्यांनीच माझं नाव सुचवलं. तिथे आठवड्यातून तीन दुपारी शिकायला बोलावलं. भिंतीवर माणसाचं चित्र होतं, कातडी काढलेलं, लाल लाल. एकेका स्नायूची नावं होती. मला पाठ होईनात. परीक्षा तोंडी होती आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी शिकवणाऱ्या ताई स्वतःच टेबलावर पालथ्या झोपल्या आणि म्हणाल्या, "नावं राहू द्या. कुठे दुखतं ते शोधा." मी शोधलं. त्या उठून म्हणाल्या, "पास."

पण सांगायचं ते वेगळंच आहे. पहिल्याच आठवड्यात ताईंनी सांगितलं होतं की मोठ्या माणसाला तेल लावल्यावर लगेच आंघोळ घालू नये. अर्धा तास तरी अंगावर तेल राहू द्यावं, वरून गरम कपडा गुंडाळावा. लकव्याच्या माणसाला तर नक्कीच. लहान लेकराची गोष्ट वेगळी.

मला लगेच आजी आठवल्या. वाटलं, उद्याच सांगू.

दुसऱ्या दिवशी सांगितलं नाही. मग संक्रांत आली, गेली. मी मनाला सांगायची की आपण कोण सांगणारे, घर त्यांचं, न्हाणीघर त्यांचं. पण हे खरं नव्हतं. खरं असं होतं की मला बघायचं होतं. एखाद्या दिवशी त्या आपणहून आंघोळीशिवाय थोडा वेळ बसतात का, माझ्या हाताचं तेल अंगावर ठेवून. मी सांगितलं आणि त्या बसल्या, तर ते माझ्या सांगण्यावरून होईल, मग मला काय कळणार? आणि मी सांगूनही त्या बसल्या नाहीत तर? ते तर मला कळूनच घ्यायचं नव्हतं. म्हणून चार महिने मी रोज त्या दाराबाहेर उभी राहिले, वाटी पुसत.

मग केंद्राने मला कायम घ्यायचं ठरवलं. होळीनंतरच्या सोमवारपासून, सकाळी आठ वाजता. म्हणजे सातला आजींकडे जाता येणार नव्हतं. शनिवारी मी गेले ती ठरवूनच, की आज सांगायचं. सांगायच्या गोष्टी मात्र दोन होत्या, सोमवारची आणि तेलाची.

मालिश झाली. भाभी खुर्ची पुढे करायला आल्या. तेव्हा माझ्या तोंडून आधी तेलाचंच निघालं.

"आजी, अर्धा तास थांबा. लगेच आंघोळ नोका करू."

"काऊन?"

"तेल मुरू द्या लागते. केंद्रात सांगतलं."

"आज सांगतलं?"

मी खोटं बोलायला हवं होतं. मला पटकन खोटंही सुचत नाही. "दिवाळीनंतर," मी म्हटलं.

आजी माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांचा चेहरा एका बाजूने कमी हलतो, त्यामुळे राग आधी डोळ्यांत दिसला. "दिवाळीपासून तुले माहीत हाय? अन् मी रोज कुडकुडत न्हाऊन राह्यली? अख्खी थंडी?"

"मले वाटलं..."

"अवं, तूच तं म्हणली होतीस! पह्यल्या दिवशी दारातूनच. पाणी ठेवलं का, पाणी ठेवलं का. सूनबाईनं धावत जाऊन गिझर लावला. मी म्हटलं, असंल काही इलाज. अन् साबण रगडून रगडून लावून घेतला, का तेल राह्यलं तं गारवा लागंल, हे बी तूच म्हणली होतीस."

मला आठवेना. मग आठवलं. दोन वर्षांपूर्वी त्या दारात उभी राहून मी बोलले होते, जसं प्रत्येक घरी बोलायची तसंच. लेकरासाठी शिकलेलं वाक्य मी सत्तरीच्या बाईला सांगितलं होतं आणि विसरूनही गेले होते. त्या मात्र विसरल्या नव्हत्या.

"तुले काय वाटलं होतं?" आजींनी विचारलं.

मी खाली बघितलं. माझे दोन्ही हात तेलाचे होते, पदरही धरता येईना.

"सांग ना. काय वाटलं होतं तुले, का मी काऊन न्हाते?"

भाभींनी खुर्ची भिंतीला लावली आणि त्या आत गेल्या. त्या का गेल्या, मला माहीत नाही. कुकर लावला होता, शिटी होणारच होती. पण शिटी नंतर झाली.

आजींनी पुन्हा विचारलं नाही. त्यांना कळलं असावं. किंवा कळलं नसेल, आणि माझी जीभ त्यांना माहीत असल्यामुळे त्यांनी सोडून दिलं असेल. त्या डाव्या हाताने उजवी बोटं चोळत बसल्या. मग म्हणाल्या, "चार महिने मुरलं असतं तं कोण जाणे, एखांदं बोट हललं असतं."

हे वाक्य माझ्या मनातून अजून उतरत नाही. ताईंना मी नंतर विचारलं की खरंच फरक पडला असता का. त्या म्हणाल्या, सांगता येत नाही, तेलापेक्षा व्यायाम महत्त्वाचा. पण मी आजींच्या आंघोळीत माझा अपमान शोधत होते आणि त्या तिथे आपलं बोट शोधत होत्या, एवढं तर झालंच.

मग मी रडवेल्या आवाजात दुसरंही सांगितलं, सोमवारपासून सकाळी येता येणार नाही.

"मंग संध्याकाळी येजो," आजी म्हणाल्या, जणू हे ठरलेलंच होतं. "गाडीतून उतरली का सरळ इकडं. अन् आता बस. अर्धा तास म्हणली ना? एकटीनं काय करू मी?"

मी बसले. काम नसताना त्या खोलीत मी कधी बसले नव्हते. मालिश करताना तास कसा जातो कळत नाही, आणि हा अर्धा तास संपेना. आजींच्या अंगावर गरम चादर होती. त्या म्हणाल्या, "बोल काही." मी म्हटलं, "काय बोलू?" त्या म्हणाल्या, "हे बी मीच सांगू?" आणि आम्ही दोघी हसलो, त्या एका बाजूने.

आता महिना झाला. रोज संध्याकाळी गाडीतून उतरून मी तिकडे जाते. मालिश होते, चादर होते, मी अर्धा तास बसते. कधी कधी घड्याळात जास्त होतं. आंघोळ त्या सकाळीच करतात म्हणे. मी बघत नाही, भाभींनी सांगितलं. परवा आजींनी पोळी दोन बोटांत धरली. तुटली नाही, पण धरली.

आज चहा पिऊन झाल्यावर मी कप धुतला आणि सवयीने खिडकीत ठेवायला गेले, तेव्हा हात थांबला. त्या पोच्याच्या कपाची जागा खिडकीत कोणी ठरवली होती? भाभींनी, की मीच पहिल्या दिवशी तिथे ठेवला आणि त्यांनी तसाच राहू दिला? आमच्या आईने आम्हाला दुसऱ्यांच्या घरी आपलं भांडं आपण बाजूला ठेवायला शिकवलं होतं. मला आठवेना. खूप आठवून पाहिलं.

मी कप आत नेला आणि बाकीच्या कपांच्या रांगेत ठेवून दिला. भाभी भाजी चिरत होत्या. त्यांनी पाहिलं की नाही, कळलं नाही. मी आजींना येते म्हटलं आणि बाहेर पडले. मनात म्हटलं, उद्या चहा कोणत्या कपातून येतो ते बघू.

फाटकापाशी पोचल्यावर माझं मलाच कळलं, की मी पुन्हा बघायचंच ठरवलं आहे. कपाचं विचारूनच टाकू म्हणून मी परत फिरले. पायातली चप्पल न काढता दारातूनच हाक मारली. भाभी हात पुसत बाहेर आल्या.

"काय वो? काही राह्यलं का?"

मी तोंड उघडलं. हिरवा कोट अंगावरच होता, घामाने पाठीला चिकटलेला.

"काही नाई," मी म्हटलं. "उद्या येते."