लवू घाडीगावकरचं उधाणाचं माप

लवू घाडीगावकर परळच्या एका मिलमध्ये फोल्डिंग खात्यात होता. तयार कापड मोजायचं, घडी घालायची, तागे बांधायचे, हे त्याचं काम. सोळा वर्षं केलं. माप चुकलं म्हणून एकही तागा परत आला नाही, हे तो अजून सांगतो. ब्याऐंशी साली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि आठव्या महिन्यात मिलचा एक कारकून करी रोडच्या खोलीवर आला. कामावर यायची तयारी आहे, एवढंच यात लिहिलंय, म्हणाला. लवूने सही केली. पुढे गेटवर गेला तेव्हा कळलं, आपण राजीनामा दिलाय.

त्या दिवसापासून हा माणूस बदलला. दूधवाल्याच्या मापापासून डॉक्टरच्या चिठ्ठीपर्यंत कशावरच त्याचा विश्वास बसेना. मिल तोट्यात आहे असं मालक सांगत होते, वर्तमानपत्रं छापत होती, शिकलेली माणसं मान डोलवत होती. मग मिल गेली आणि त्याच जागेवर चाळीस मजले उभे राहिले. तोट्यातल्या जमिनीवर एवढं पीक कसं आलं, असं तो ज्याला त्याला विचारायचा.

करी रोडची खोली सोडून तो आणि त्याची बायको सुभद्रा दादरच्या किनाऱ्याला लागून असलेल्या पुतळाबाईच्या चाळीत आली. अर्धी चाळ कोळ्यांची, अर्धी लवूसारख्या कोकणातून आलेल्यांची. सुभद्रा डबे करायची, लवू एका शाळेत शिपाई म्हणून लागला. तिथूनच निवृत्त झाला.

दोन हजार नऊ साली चाळीत सर्वेक्षणाची माणसं आली. त्यांनी भिंतींवर कमरेइतक्या उंचीवर लाल रेघा मारल्या. समुद्राची पातळी वाढतेय, पन्नास वर्षांनी उधाणाचं पाणी इथपर्यंत येईल, असं त्यांच्यातल्या एका मुलीने समजावून सांगितलं. लवूने तिला विचारलं की समोरच्या टॉवरच्या भिंतीवर रेघ मारली का. त्यांनी आत सोडलं नाही, असं ती म्हणाली. लवूला तेवढं पुरलं. संध्याकाळपर्यंत साऱ्या चाळीत झालं होतं की हा जागा खाली करून घ्यायचा डाव आहे.

महिन्याभरात महापालिकेच्या शाळेत सुनावणी ठेवली. हॉल भरला होता. लवू उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, हा समुद्र फक्त चाळीसमोरच वर येतो काय? टॉवरसमोर आला की थांबतो?"

टाळ्या पडल्या. त्याचा शेजारी भिवा तर बाकावर उभा राहिला. अधिकाऱ्याने पुढचा कागद घेतला. एवढ्यात मागून तुळसा उठली. तुळसा मासळीवाली, दादरच्या बाजारात तीस वर्षं बसलेली. ती म्हणाली की भाऊ बोलतो ते टॉवरचं खरं आहे, पण दर्याचंही खरं आहे. तिच्या सासऱ्याची होडी जिथे ओढून ठेवायचे तिथे आता ओहोटीलाही पाणी असतं. वाळू निघून चाललीय. रेघा मारा नाहीतर नका मारू, पण किनाऱ्याला बांध घाला.

तिच्यासाठी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. चाळ तिथेच दुभंगली. घरी येताना भिवा आणि लवू एकमेकांशी बोलत आले. तुळसा हे का बोलली असेल? सर्वेक्षणाच्या मुलीबरोबर ती दोनदा चहा प्यायली होती, हे भिवाने पाहिलं होतं. बांध घालायचा म्हणजे कोणीतरी कंत्राटदार आला. आणि नव्या बाजारात गाळे निघणार, हे ऐकू येतच होतं. लवू म्हणाला, "गाळा कबूल केला असेल तिला." म्हणाला तेव्हा तो अंदाजच होता. आठ दिवसांनी नळावर तीच गोष्ट खात्रीची म्हणून फिरत होती आणि लवूने ती खोडली नाही.

तुळसाने त्याच्याशी बोलणं सोडलं. रस्त्यात भेटली तर पाटी डोक्यावर घेऊन सरळ निघून जायची.

लवूच्या मनात मात्र एक गोष्ट रुतून बसली. खोटं आहे म्हणणं सोपं, दाखवणं वेगळं. आयुष्यभर कापड मोजलं, तर पाणी का मोजू नये? चाळीच्या गल्लीतून किनाऱ्यावर उतरणाऱ्या दगडी पायऱ्या होत्या. सगळ्यांत वरच्या पायरीच्या कडेपासून पाण्यापर्यंत टेप सोडायची, असं त्याने ठरवलं. पावसाळ्यात लाटा उसळतात, माप फसतं, म्हणून त्याने आश्विनातली अमावास्या आणि पौर्णिमा धरली. तेव्हा समुद्र शांत असतो आणि मोठं उधाण भर दुपारी येतं. डोक्याला रुमाल बांधून तो पायरीवर बसायचा, पाणी चढायचं थांबलं की टेप सोडायचा आणि आकडा जुन्या कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवायचा.

भिवाला हे फार आवडलं. पुढच्या सुनावणीत या मापाने त्यांचं तोंड बंद करू, असं तो सगळ्यांना सांगत सुटला.

पहिली दोन वर्षं आकडा जवळजवळ तोच आला. तिसऱ्या वर्षी पाणी बोटभर खाली राहिलं, तेव्हा लवूने सुभद्राला दुपारच्या झोपेतून उठवून आकडा दाखवला. चौथ्या वर्षी ते वर आलं. पाचव्या वर्षी आणखी. सहाव्या वर्षी किंचित उतरलं, पण पहिल्या जागेवर काही गेलं नाही. लवूने नवी टेप आणली. मग त्याला पायरीचाच संशय आला, पायरी खचली असेल. गवंडी वापरतात तशी पारदर्शक नळी पाण्याने भरून त्याने दरवर्षी पायरीची उंची चाळीच्या जोत्याशी ताडून पाहिली. पायरी होती तिथेच होती. मग जोतं खचलं असेल म्हणून रस्त्यापलीकडच्या जुन्या विहिरीच्या कठड्याशी ताडून पाहिली. तिथेही फरक नव्हता.

"माप चुकता काय हो तुमचा?" सुभद्राने एकदा विचारलं.

"नाय," तो म्हणाला. "तोच तर घोळ आसा."

नऊ वर्षांत तीन बोटं. भिवाला त्याने हे सांगितलं नाही. आपलं माप आपल्यालाच फसवतंय का, असंही त्याला वाटून गेलं. पण कॅलेंडरची पानं समोर होती, आणि त्यावर दुसऱ्या कोणाचा हात नव्हता.

दोन हजार अठरा साली दुसरी सुनावणी झाली. या वेळी तयार योजनाच होती. सुरक्षेसाठी चाळीतल्या लोकांना दूर पूर्वेकडच्या वसाहतीत घरं देणार, असं अधिकाऱ्याने वाचून दाखवलं. भिवाने लवूला कोपराने ढोसलं. लवू कॅलेंडरची पानं घेऊन उभा राहिला.

तो म्हणाला की पाणी वाढलंय, नऊ वर्षांत तीन बोटं, मी स्वतः मोजलंय. पहिल्या वेळी मी म्हणालो होतो वाढत नाही, ते चुकलं. हॉलमध्ये कुजबूज सुरू झाली. अधिकारी हसला, सहकार्याबद्दल आभार असं काहीतरी म्हणू लागला.

"थांबा," लवू म्हणाला. "आम्ही गेल्यावर या जागेवर कोण राहणार, ते लिहून द्या. पाणी येणार म्हणून आम्हाला हलवता, मग इथे दुसरं कोणी येता कामा नये."

अधिकाऱ्याने शेजारच्या माणसाकडे पाहिलं. तो विषय आजच्या सुनावणीत येत नाही, असं उत्तर मिळालं.

दुसरा प्रश्न चाळीत कोणाच्याच लक्षात राहिला नाही. तीन बोटं तेवढी राहिली. भिवा त्या दिवशी घरी एकटा गेला. चार दिवसांनी सुभद्रा नळावरून रिकामी कळशी घेऊन परत आली. लवूला खोली कबूल झालीय, म्हणून त्याने शब्द फिरवला, असं तिथे चाललं होतं. कोणी उठवलं, हे विचारायची गरज नव्हती. ती भांडायला निघाली होती, लवूने अडवलं. तो स्वतः चप्पल घालून बाजारात गेला.

तुळसा सुरमईचे तुकडे करत होती. गिऱ्हाईक जाईपर्यंत तो बाजूला उभा राहिला.

"तुळसाबाय, गाळ्याची ती गोष्ट मी काढली होती."

"ठाऊक हाय," ती म्हणाली. कोयत्यावरचा हात थांबला नाही. "माझ्या नलूचं ठरत आलेलं लगीन त्यापायी मोडलं. आई वाडी विकते, असं पोराकडचे म्हणाले. दोन वर्षं पोरगी घरात बसली."

लवूला हे माहीत नव्हतं. नलूचं लग्न उशिरा झालं एवढंच त्याला ठाऊक होतं. माफ कर म्हणाला असता, पण ते फारच थोडं वाटलं. तुळसाने पुढच्या गिऱ्हाइकाची पिशवी भरली, हात धुतले आणि विचारलं, "ते तीन बोटं कागदावर हाय ना तुझ्याकडं?"

"आहे."

"मग उद्या घेऊन ये."

तिने त्याला माफ केलं की नाही, हे तिने कधी सांगितलं नाही, त्यानेही विचारलं नाही. पण त्या आठवड्यात दोघांनी मिळून एक अर्ज तयार केला. मजकूर तुळसाच्या नलूने लिहिला. पाणी वाढतंय हे आम्हाला मान्य आहे. हलवायचंच असेल तर याच भागात घरं द्या, आणि मोकळी झालेली जागा मोकळीच ठेवा. लवूने मापाची नक्कल जोडली. चाळीतल्या एकवीस बिऱ्हाडांनी सह्या केल्या. भिवाने केली नाही. पुढच्या वर्षी जुलैच्या उधाणाला त्याच्या खोलीत घोट्याइतकं पाणी शिरलं, तेव्हाही केली नाही. गटार तुंबलं होतं, असं तो सांगतो.

अर्ज वॉर्ड ऑफिसात आहे. योजना ना रद्द झाली ना पुढे सरकली. किनाऱ्यावर मध्यंतरी काही दगड आणून टाकले, अर्ध्यावर काम थांबलं. लवू आता सत्तरी ओलांडून पुढे गेलाय, पायऱ्या उतरताना कठडा धरतो. आश्विनात दोन दुपारी तो तिथे असतो, आणि बाजार आटोपला तर तुळसा वरच्या पायरीवर बसते. बांध हवाच, असं ती म्हणते. बांधाचं कंत्राट कोणाला जाणार ते आधी बघू, असं तो म्हणतो.